दोन नंबरची डबी

रविवारी दुपारी आपण तुरीची डाळ निवडली. म्हणजे निवडली मी, तू खाटेवर कुशीवर पडून पाहत होती. सूप तुझंच, बिड्या वळायचं. त्याच्या कडांले अजून तंबाखूचा वास आहे. मी खडे काढत होतो, डाळ डब्यात टाकत होतो, आणि झालं म्हणून सूप झटकलं. तेवढ्यात तू हात लांब केला. डब्यातून मूठभर डाळ उचलली, तळहातावर पसरली आणि बोटानं दोन खडे बाजूला केले.

"हे काय हाय जी?"

"राहिले असतील दोन."

"मी एकच मूठ घेतली."

एवढं बोलण्यानंच तुले खोकल्याची उबळ आली. मी पाणी दिलं, पाठ चोळली. पाठ म्हणजे काय, नुसते मणके. खोकला थांबल्यावर तू ते दोन खडे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "आणि तुमी तुमची छाती दवाखान्यात दाखवली का?"

"मले काय झालं आहे?"

 डाळ परत सुपात ओता अशी तू मानेनं खूण केली. मी ओतली. पुन्हा पहिल्यापासून निवडली. आणखी तीन खडे निघाले, ते तुले न दाखवता मी खिडकीतून फेकले. तुझे दोन मात्र खिडकीच्या फळीवर ठेवले. अजून तिथंच आहेत.

सोमवारी सकाळी चहा घेऊन आलो तं तू उठली नाही. पुढचं सगळं गल्लीनं केलं. उमरेडहून सुमन आली, जावई आला. मी काय केलं ते मले आठवत नाही. कोणीतरी धरून चालवत होतं एवढं आठवते.

मी चौथीपर्यंत शिकलो. लिहिलं म्हणजे बिडी कारखान्याच्या वहीत लिहिलं, नावं आणि आकडे, तीस वर्षं. तुले नावानं हाक मी कधी मारली नाही. 'वं' म्हटलं की तुले समजायचं. पण दर आठवड्याले त्या वहीत तुझं नाव मीच लिहायचो, अनसूया, आणि त्याच्यापुढं छाटीचा आकडा. आज तुझं नाव लिहितो आहे आणि पुढं आकडा नाही. हात थांबते त्या जागेवर.

छाट म्हणजे काय ते तुले सांगायची गरज नाही, पण सुमनची पोरं कधी हे वाचतील, त्यांले कसं कळावं. बाया कारखान्यातून तेंदूची पानं आणि तंबाखू घेऊन जायच्या, घरी बिड्या वळायच्या, पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधून आणायच्या. मी फळीमागं बसायचो. कट्टा सोडायचा, बिडी दोन बोटांत दाबून पाहायची, नरम आहे का, तोंड नीट मोडलं आहे का, सूत ढिलं आहे का. जी पसंत नाही ती बाजूच्या टोपल्यात. तीच छाट. ती बाईच्या नावावर धरायची नाही. टोपल्यातून ती पुढं कुठं जायची, कोण विनालेबलाची विकायचं, ते मले माहीत होतं, आणि बायांलेही. मुनीमजीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, शेकडा पाच. मी विचारलं, पाच नाही निघाल्या तं? मुनीमजी म्हणाले, "निघत नसते. काढा लागते."

मी काढायचो. बस, एवढंच माझं काम होतं. मी चेकर होतो.

तू पहिल्यांदा आली ती तुझ्या मायसंग. तुमच्या घरचा माग तेव्हा बंद पडला होता आणि कोष्ट्याच्या घरातल्या बायांनी सुताऐवजी पान हातात घेतलं होतं. मी तुझे चार कट्टे सोडले. शंभर बिड्या. सगळ्या एका साच्यातल्या. मी त्यातून पाच उचलल्या आणि टोपल्यात टाकल्या. तशा तं सगळ्याच बायांच्या टाकायचो, कोणी बोलायची नाही, फार तं पदर डोळ्याले लावायची. तू फळीवर हात ठेवला.

"खोट दाखवा जी."

मी म्हणालो, "नरम आहे."

तू टोपल्यातून ती बिडी काढली आणि माझ्या हातात दिली. "दाबा."

दाबली. नरम नव्हती. मागं बायांची ओळ उभी होती, सगळ्या पाहत होत्या.

"तोंड बरोबर नाही हिचं," मी म्हणालो.

"तोंड तुमचं बरोबर नाही जी."

सगळी ओळ हसली. तुझी माय तुले ओढत घेऊन गेली. मी वहीत पाच लिहिले. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या ते अजून आठवते. पुढं चार महिन्यांनी आपलं लग्न ठरलं, तेव्हा तुझी माय गल्लीत सांगत फिरली की छाट काढणाराच जावई करून घेतला, आता तरी पोरीची छाट वाचेल.

वाचली नाही. लोक म्हणतील घरच्या बाईले सूट देते, म्हणून तुझ्या पाच मी कधी चुकवल्या नाहीत. दुसरीच्या कधी चार लिहिल्या असतील. तुझ्या पाच म्हणजे पाच. घरी आल्यावर तू विचारायची, "आज कोणती खोट?" मी म्हणायचो, जेवायले वाढ. हे भांडण आपलं तेव्हापासूनचं. तू खोट दाखवा म्हणायची आणि मी वाढ म्हणायचो.

मग एक दिवस तुझ्या कट्ट्यात खरंच खराब बिड्या सापडल्या. वाकड्या, पोकळ, सूत गुंडाळल्यासारखं. शंभरात पाच. दुसऱ्या दिवशीही पाच. महिनाभर तेच. मले तं बरंच वाटलं. खोट नसताना खोट काढायचं पाप टळलं. पण चेकरचा तोरा होता, म्हणून मी सगळ्या बायांसमोर तुले बोललो, "हात बिघडला वं तुझा." तू मान खाली घातली. तुझ्या मागं शेजारची चंद्रभागा उभी होती, तिनं पदरात तोंड लपवलं. मले वाटलं तिले तुझी कीव आली.

एका दुपारी ताप आला म्हणून मी लवकर घरी आलो. तू ओसरीवर सूप घेऊन बसली होती, आणि सुमन बाजूले, आठ-नऊ वर्षांची. तुझा हात चालू होता, पान घेतलं, तंबाखू पसरला, वळलं, तोंड मोडलं, सूत मारलं, आणि तू पाहतही नव्हती, सुमनसंग बोलत होती. मग तू थांबली. वेगळ्या ढिगातून एक फाटलं पान घेतलं, सुपाच्या तळातली भुकटी घेतली, आणि ती एक बिडी वळायले तुले चार चांगल्या बिड्यांपेक्षा जास्त वेळ लागला. डोळे बारीक करून, जीभ दाताखाली धरून तू वळत होती. चांगल्या हातानं वाईट बिडी करणं सोपं नाही हे मी तेव्हा पाहिलं.

"हे काय करून राहिली वं?"

तू दचकली नाही. "तुमचा वाटा," म्हणाली. "तुमी चांगल्यातून पाच उचलता, ते पाहवत नाही जी. म्हणून तुमच्यासाठी वेगळ्या करते. पान फाटलेलं, तंबाखू भुकटीचा. तुमालेही शोधायचा त्रास नाही."

"चंद्रभागेले माहीत आहे?"

"चंद्रभागा काय, अख्खी गल्ली करते."

मी हसलो. तू हसली नाही. "पोरगी बाजूले बसून शिकते जी. परवा मले विचारे, माय, ही अशी काहून? काय सांगू तिले? की तुझा बाप खराब मागते?"

मी ताप आहे म्हणून आत जाऊन झोपलो.

त्यानंतर माझी वही पाहण्यासारखी झाली. खाली-वर पाच, पाच, पाच. मुनीमजी त्यावरून बोट फिरवत म्हणायचे, "पाह्य, मी म्हणत होतो नं, माणसाच्या हातून शेकडा पाच बिघडतेच." त्यांचा खराच विश्वास बसला होता. आणि माझ्या वहीतला आकडा आता खोटाही नव्हता. पाच खराब खरोखर निघत होत्या. आम्ही मागत होतो म्हणून त्या होत होत्या, एवढंच वहीत लिहिलेलं नव्हतं. मी हे कोणाले सांगितलं नाही. सांगितलं असतं तं बायांची कामाची कार्डं कापली गेली असती, असं मी स्वतःले समजावायचो. माझी नोकरी गेली असती, हेही होतं.

मालकाचा पुतण्या शिकून आला तेव्हा ते फुटलं. पोरगा हुशार होता, पुण्याकडं कुठंतरी कारखान्यांच्या हिशोबाचं, माल तपासायचं काहीतरी शिकला होता. त्यानं चार वर्षांच्या वह्या काढून बसून वाचल्या आणि मले बोलावलं.

"काका, हे होऊ शकत नाही. हाताचं काम आहे, कधी तीन बिघडतील, कधी आठ. पाऊस असला तर पान दमट, मग जास्त. तुमचा आकडा भिंतीसारखा सरळ आहे. असा आकडा येतो कुठून?"

मी जन्मात एकदाच हिंमत केली असेल ती तेव्हा. म्हणालो, "साहेब, तुम्ही पाच मागता म्हणून पाच येतात. दहा मागाल तं दहा येतील."

त्यानं वह्या मिटल्या आणि काखेत मारल्या. मालकासंग त्याचं काय झालं माहीत नाही, पण महिन्याभरात मुनीमजींची पाच बंद झाली. नवीन पद्धत आली. बाईनं हजार बिड्या आणल्या की त्यातून कुठूनही दोन कट्टे उचलायचे, ते पूर्ण सोडून तपासायचे. चांगले निघाले तं अख्खा हजार पास. खराब निघाले तं सगळे उघडायचे. पहिल्या आठवड्यात तं टोपल्याच्या तळाशी हाताच्या बोटांवर मोजाव्या एवढ्याच पडल्या. चंद्रभागा आपल्या घरी येऊन चहा करून पाजून गेली, तुझ्याच साखरेचा.

मी खुश होतो. कमरेचा त्रास वाचला, आणि शिकलेल्या माणसाची विद्या आपल्याले आली असं वाटायचं. ज्याच्या त्याच्यावर लावायचो. कळमन्याच्या बाजारात गहू घ्यायले गेलो तं पोत्यात हात घालून एक मूठ काढायची आणि पोतं पास. तू म्हणायची, दुसऱ्या बाजूनं पाहा. मी म्हणायचो, "एक मूठ सांगते वं, अख्खं पोतं कसं आहे."

"मूठ मुठीतलं सांगते. पोत्यातलं पोत्यातच राहते."

एकदा मी तुले चिडवलं. म्हटलं, "आता तं तुले मजा. चार कट्टे वरच्या वर चांगले ठेव, बाकीचे वळ कसेही. माझा हात पोचते कुठं तळापर्यंत."

वाटलं होतं हसशील. तू सूप बाजूले ठेवलं. "तुमी दोनच कट्टे उघडता जी. पिणारा एकेक पेटवते."

त्या दिवशी मले कळायले पाहिजे होतं. तीस वर्षं मी चेकर होतो, वही माझ्याजवळ होती, पण बिडी कशी आहे हे त्या कारखान्यात खरं माहीत होतं ते तुले. फाटक्या पानाच्या पाच करायले लावल्या तेव्हाही तुझ्या बाकीच्या पंच्याण्णवांत खोट नव्हती. आणि सुमनले तू त्या पाच कधी वळू दिल्या नाही. माझ्या तापाच्या त्या दुपारनंतर त्या तू एकटीच वळायची, ती शाळेत गेल्यावर. हे मले परवा सुमननं सांगितलं, तुझ्या पायाशी बसून. मले माहीत नव्हतं.

आता जे लिहायचं आहे ते येते. हात मागं घेतो आहे, पण लिहितो.

मागच्या दिवाळीच्या आधी तुझा खोकला सुरू झाला. तंबाखूत बसणाऱ्या बाईले खोकला असतेच, आपण लक्ष दिलं नाही. मग संध्याकाळचा ताप यायले लागला. दवाखान्यात गेलो. कंपाउंडरनं तीन छोट्या पत्र्याच्या डब्या दिल्या, कागद चिकटवून त्यावर एक, दोन, तीन लिहिलेलं. "तीन दिवस, सकाळी उठल्याबरोबर. नुसती थुंकी नको बाई, खाकरून छातीतलं काढायचं."

पहिल्या सकाळी तू मोरीकडं गेली आणि एक नंबरची डबी झाकण लावून आणून दिली. मी सायकलवर नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी दुसरी डबी न्यायची सोडून मी आधी पहिलीचं विचारायले गेलो. म्हणाले, त्यात काही नाही. मी आनंदात घरी आलो. दारातूनच ओरडलो, "पास झाली वं!"

दोन आणि तीन नंबरच्या डब्या फळीवर होत्या. तू त्यांच्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "एकीत नाही तं तिघींत नाही. इतकी वर्षं हेच करून राहिलो मी."

आणि तू म्हणाली, "बरं जी, चेकरबाबू."

बरं जी. एवढंच.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तं दोन नंबरच्या डबीत तू लाल सूत ठेवलं होतं आणि तीन नंबरच्यात लवंगा. मीही ते तसंच राहू दिलं. डबी चांगली होती, वाया काहून घालवायची.

होळीच्या आसपास तुझ्या पदराले रक्त लागलं. सुमननं ऐकलं नाही, रामदासपेठेतल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं सुमनएवढ्या. छातीचा फोटो उजेडाले धरून त्यांनी दाखवला, दोन्हीकडून पोखरलेलं, टीबीनं. "आधी तपासणी नव्हती केली?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, केली होती, एका डबीची. त्यांनी फोटो खाली ठेवला. "एकाच डबीची?"

मी विचारलं, "बाई, दुसरी दिली असती तं सापडलं असतं का?"

"सांगता येत नाही."

तीस वर्षांत मले कोणी असं उत्तर दिलं नव्हतं आणि मीही कोणाले दिलं नव्हतं. माझ्या फळीवर पास होतं नाहीतर छाट होती. सांगता येत नाही असा रकाना वहीत नव्हता. आता रोज त्याच रकान्यात बसतो.

इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या. बाई म्हणाल्या होत्या, घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या. तू मले दर आठवड्याले विचारलं. मी दर आठवड्याले म्हणालो, जाईन.

पण मले तुझ्यासंग दुसरंच भांडण करायचं आहे वं. सहा महिने ते माझ्या तोंडात होतं आणि मी काढलं नाही. तू त्या दिवशी बरं जी काहून म्हणाली?

गव्हाच्या पोत्याले दुसऱ्या बाजूनं हात घालायले लावणारी तू. खाटेवरून उठता येत नसताना माझ्या निवडलेल्या डाळीत मूठ घालणारी तू. एका मुठीवर तू मले जन्मात कधी सोडलं नाही, आणि जिथं सोडायचं नव्हतं तिथंच सोडलं. त्या वेळी दोन शब्द बोलली असती, तीन सांगितल्या आहेत नं जी, तं मी कुरकुरत का होईना दुसरी घेऊन गेलो असतो.

मग मले दुसरी गोष्ट आठवते आणि ती आठवली की बसवत नाही. तुझ्या खोकल्याच्या आदल्याच साली आपल्या मागच्या गल्लीतल्या एका बाईले हाच रोग निघाला. कारखान्यानं तिचं पान बंद केलं. गल्लीनं तिच्या हातचं पाणी बंद केलं. तिची पोरगी सासरच्यांनी माघारी पाठवली. तू तिच्याकडं ताक घेऊन जायची तं चंद्रभागासुद्धा तुले म्हणाली, जाऊ नको. तू सगळं पाहत होती. तुझी पोरगी उमरेडले सासरी आहे, हेही तुले माहीत होतं.

ज्या बाईनं माझ्या टोपल्यासाठी मुद्दाम पाच खराब केल्या, तिनं माझ्या समाधानासाठी एक चांगली केली नसेल कशावरून? खाकरायचं सोडून नुसती थुंकी दिली नसेल कशावरून? तू मोरीकडं गेली होती, मी अंगणात सायकल पुसत होतो. तुझ्या खाकरण्याचा आवाज मले ऐकू आला का? रोज ऐकून पाहतो. कधी आल्यासारखा वाटते, कधी नाही. डबी झाकण लावून माझ्या हातात आली. आयुष्यभर दुसऱ्यांचे कट्टे सोडणारा मी, ते झाकण उघडून पाहिलं नाही.

नुसती थुंकीच दिली का, असं तुले विचारलं असतं तं तू खरं सांगितलं असतं. म्हणूनच विचारलं नाही. हो म्हणाली असती तं दोष तुझ्यावर गेला असता, आणि मरणाऱ्या बाईवर मले तो टाकायचा नव्हता. नाही म्हणाली असती तं सगळा माझ्यावर आला असता, आणि तेवढी माझी छाती नव्हती. रविवारी डाळ निवडताना विचारायचं ठरवलं होतं. तू खडे काढून हातावर ठेवले आणि माझं राहून गेलं.

राग येते मले तुझा. खोटं काहून लिहू? येते राग. आणि रागातच तुझं सूप जाग्यावर ठेवायले जातो तं त्याच्या कडेले तुझ्या बोटांनी झिजलेली जागा लागते, बरोबर अंगठ्याएवढी. तिथं माझा अंगठा ठेवून बसतो. माझ्यासारख्या माणसाच्या घरात राहून तू खराब करायले शिकली, पण खराब झाली नाही. हे तुले कधी म्हणालो नाही. तू विचारायची आज कोणती खोट, तेव्हा एकदा तरी म्हणायले पाहिजे होतं की कोणतीच नाही, कधीच नव्हती, पहिल्या दिवशीही नव्हती. त्या पहिल्या पाच बिड्या चांगल्या होत्या वं. मले तेव्हाच माहीत होतं.

मंगळवारी सकाळी उठलो तं पहिले खोकलाच आला. मलेही येते हल्ली, तुले माहीत होतं. चूल बंद होती. चंद्रभागेकडून चहा आला होता, तो तसाच ठेवला. फळीवरून दोन नंबरची डबी काढली. आतलं लाल सूत तू आगकाडीवर गुंडाळून ठेवलं होतं, एकावर एक, एक फेराही सुटलेला नाही. ते खिडकीत दोन खड्यांशेजारी ठेवलं. डबी गरम पाण्यानं धुतली, मोरीकडं गेलो आणि छातीच्या तळापासून खाकरलो. मोठ्यानं. अंगणात कोणी असतं तं त्याले ऐकू आलं असतं. अंगणात सुमन होती, ती धावत आली.

"बाबा, काय झालं? आणि सायकल काहून काढून राहिले? सुतक हाय नं."

"दवाखान्यात सुतक लागत नाही."

"उद्या राख सावडायची हाय. परवा जा."

"आजच जातो."

चंद्रभागा दारातच होती. "काय जी भाऊ, कालच तं बाई गेली, आज कुठं?" मी डबी तिले दाखवली. ती बाजूले झाली. पदर तोंडावर घेतला तिनं, या वेळी हसायले नाही.

दवाखान्यात ओळ होती. तोच कंपाउंडर. त्यानं डबी हातात घेतली, कागदावरचा आकडा पाहिला.

"बाबा, ही दोन नंबरची आहे. एक कुठं आहे?"

"एक नंबर ती देऊन गेली."

"कोण?"

"माझी बायको."

त्यानं वर पाहिलं. बहुतेक त्याले काही आठवलं नाही, रोज किती डब्या येत असतील त्याच्याकडं. खिशातून पेन काढून त्यानं दोन आकडा खोडला, बाजूले एक लिहिलं आणि माझं नाव विचारलं. मी सांगितलं.

"उद्या आणि परवाही आणावी लागते, बाबा. एकीवर काही कळत नाही."

"माहीत आहे," मी म्हणालो.